भूगोलात एम.ए./एम.एस्सी.: प्रवेश अर्जापासून व्हायवापर्यंत, कोणत्या क्रमानं काय करायचं

चौथ्या सत्रात, सबमिशनला पंधरा दिवस राहिले की दरवर्षी कोणीतरी रिकामी फाइल घेऊन दारात उभं राहतं. "मॅडम, डेटा मिळाला नाही. विषय बदलू का?" अशा वेळी माझ्याकडे चांगलं उत्तर नसतं. चूक वर्षभर आधीच झालेली असते: शीर्षक आधी ठरलं, माहिती कुठून आणायची याचा विचार नंतर. पदव्युत्तर भूगोलात हुशार मुलंसुद्धा अडकतात ती बहुतेक अशा क्रमाच्या चुकीमुळे. म्हणून हा लेख क्रमानंच लिहिला आहे. जिथे मुलं जास्त चुकतात तिथे जास्त थांबले आहे.

१. अर्जाआधी: तारखा आणि दिशा

आपल्याकडे एम.ए.ची चौकशी पदवीचा निकाल लागल्यावर सुरू होते. राज्यातल्या बऱ्याच महाविद्यालयांत तेवढ्यावर भागतं. पण जेएनयू, दिल्ली विद्यापीठ, बनारस हिंदू विद्यापीठ अशा केंद्रीय विद्यापीठांत जायचं असेल तर सीयूईटी-पीजी ही सामाईक प्रवेश परीक्षा द्यावी लागते. तिचे अर्ज गेली काही वर्षं डिसेंबर-जानेवारीच्या सुमारास निघतात आणि परीक्षा मार्चमध्ये होते. म्हणजे टी.वाय.चं पाचवं सत्र आटोपतं न आटोपतं तोच अर्ज भरायचा. निकालाची वाट पाहणाऱ्याचं ते वर्ष गेलंच. प्रश्नपत्रिका इंग्रजी आणि हिंदीत असते, बरोबर उत्तराला ४ गुण मिळतात आणि चुकीच्या उत्तराला १ कापला जातो, त्यामुळे अंदाजानं गोळे रंगवायची सवय इथे महागात पडते. राज्यातलेही काही विद्यापीठ विभाग स्वतःची प्रवेश परीक्षा घेतात. विभागाची वेबसाइट मार्चपासून आठवड्याला एकदा उघडून पाहा.

एम.ए. की एम.एस्सी., या प्रश्नावर मुलं फार वेळ घालवतात. आपल्याकडे बऱ्याच ठिकाणी दोन्हींचा अभ्यासक्रम जवळपास एकच असतो, आणि पदवी बी.ए. होती की बी.एस्सी. यावर पुढचं नाव ठरतं. त्यापेक्षा पुढे काय करायचं आहे ते स्वतःशी स्पष्ट करा. शिकवायचं असेल तर नेट-सेट या प्राध्यापकपदाच्या पात्रता परीक्षा आणि पदव्युत्तर पदवीला ५५ टक्के (राखीव प्रवर्गाला ५०) हे गणित पहिल्या दिवसापासून डोक्यात हवं. नकाशे आणि उपग्रह प्रतिमांवर काम करायचं असेल तर जिओइन्फर्मेटिक्सचा वेगळा अभ्यासक्रम तुलना करून बघा. लोकसंख्या आणि स्थलांतरात रस असेल तर मुंबईत देवनारला असलेल्या आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्थेचा पर्याय विसरू नका.

जे स्पर्धा परीक्षेसाठी हॉस्टेल आणि अभ्यासिका मिळावी म्हणून प्रवेश घेतात, त्यांना एवढंच सांगते की प्रात्यक्षिकांची हजेरी भरून निघत नाही. पेपर एका रात्रीत वाचता येतो, जर्नल, म्हणजे प्रात्यक्षिकांची वही, एका रात्रीत होत नाही.

तपासणी: प्रवेश घेण्याआधी विभागात स्वतः जाऊन तीन गोष्टी बघा. नकाशा प्रयोगशाळेत टोपोशीट (भारतीय सर्वेक्षण विभागाचे स्थलदर्शक नकाशे) आहेत का, संगणकांवर जीआयएसचं, म्हणजे नकाशे आणि माहिती जोडणारं, सॉफ्टवेअर चालतं का, आणि मागच्या दोन वर्षांचे प्रोजेक्ट बघायला मिळतात का. तिसऱ्या गोष्टीवरून विभागाचं खरं काम कळतं.

२. कागदपत्रं

इथे थोडक्यात सांगते, कारण चुका ठरलेल्या आहेत. विद्यापीठ बदलत असाल तर मायग्रेशन सर्टिफिकेटसाठी निकालाच्या दिवशीच अर्ज करा. ते मिळायला वेळ लागतो आणि त्यावाचून पात्रता अडकते. नॉन-क्रिमिलेयरची मुदत तपासा. शिक्षणात खंड असेल तर गॅपचं प्रतिज्ञापत्र लागतं. अकॅडेमिक बँक ऑफ क्रेडिट्सचा आयडी काढताना नाव गुणपत्रिकेवर आहे तसंच, त्याच क्रमानं असू द्या. महाडीबीटीवर शिष्यवृत्तीचा अर्ज भरल्यावर तो महाविद्यालयाकडून पुढे गेला का, हे लॉगिन करून बघत राहा. "अर्ज भरला होता" एवढ्यावर पैसे खात्यात येत नाहीत.

३. पहिलं सत्र: हात बसवायचा काळ

महाराष्ट्रात २०२३-२४ पासून लागू झालेल्या आराखड्यात दोन वर्षांचं पदव्युत्तर शिक्षण ८८ क्रेडिटचं आहे, प्रत्येक सत्राला २२. त्यात पहिल्या सत्रात संशोधन पद्धती ४, दुसऱ्यात ऑन जॉब ट्रेनिंग किंवा फील्ड प्रोजेक्ट ४, तिसऱ्यात संशोधन प्रकल्प ४ आणि चौथ्यात ६. बेरीज करा: १८ क्रेडिट थेट संशोधनाच्या कामाला आहेत. तरीही संशोधन पद्धतीच्या तासाला अर्धा वर्ग रिकामा असतो, आणि तीच मुलं तिसऱ्या सत्रात विचारतात की उद्दिष्टं कशी लिहायची.

पहिल्या सत्रात तीन कामं हातावेगळी करा.

टोपोशीट वाचणं हे पहिलं. १:५०,००० प्रमाणाची एक शीट घ्या, शक्यतो आपल्याच भागाची. पुणे शहराचा भाग जुन्या क्रमांकानं ४७ एफ/१४ वर येतो, नव्या मालिकेत त्याच शीटला ई ४३ एच १४ म्हणतात. दोन्ही क्रमांक वाचता यायला हवेत. अशा शीटवर समोच्च रेषांचं अंतर साधारण २० मीटर असतं. एका टेकडीचा आडवा छेद काढा आणि मग सुटीत त्या टेकडीवर चढून तो छेद जुळतो का बघा. हा एक दिवस चार व्याख्यानांचं काम करतो.

दुसरं काम क्यूजीआयएस. हे जीआयएसचं सॉफ्टवेअर मोफत आहे, साध्या लॅपटॉपवर चालतं. यूट्यूबवर दहा व्हिडिओ बघून ते येत नाही. आपल्या तालुक्याचा एकच नकाशा सुरुवातीपासून शेवटपर्यंत स्वतः करा: टोपोशीटला जिओरेफरन्स करणं (अक्षांश-रेखांशांवर बसवणं), सीमा गिरवणं, रस्ते-नद्या काढणं, तक्ता जोडणं, छापायचा आराखडा तयार करणं. डेहराडूनच्या भारतीय सुदूर संवेदन संस्थेचे मोफत ऑनलाइन वर्गही जोडीला करा.

तिसरं म्हणजे भाषा. मराठी माध्यमातून आलेल्या मुलांना भूगोल येत असतो, पण संज्ञा ओळखता येत नाहीत. विदारण माहीत असतं, समोर वेदरिंग आलं की गोंधळ होतो. क्षेत्रघनी नकाशा (आकड्यानुसार प्रदेश कमी-जास्त गडद रंगवलेला) काढता येतो, पण कोरोप्लेथ म्हटलं की हात थांबतो. दोनशे पानी वही घ्या आणि तीन रकाने करा: मराठी संज्ञा, इंग्रजी संज्ञा, आपल्या परिसरातलं उदाहरण. तिसरा रकाना रिकामा ठेवू नका, पाठ होतं ते त्यामुळेच.

सावधान: जर्नल त्या त्या आठवड्यात तपासून सही घ्या. सत्राच्या शेवटी वीस प्रात्यक्षिकं एकदम घेऊन आलेल्या वहीत काय असतं ते तपासणाऱ्याला पहिल्या पानावरच कळतं.

४. विषय ठरवणं: आधी तक्ता, मग शीर्षक

सगळ्यात जास्त चुका इथे होतात.

नेहमी येणारं शीर्षक असं असतं: "अमुक जिल्ह्यातील कृषी विकासाचा भौगोलिक अभ्यास". यात प्रश्न कुठे आहे? जिल्हा मोठा, विषय त्याहून मोठा, आणि शेवटी हाती येतात जिल्हा सामाजिक व आर्थिक समालोचनातून उतरवलेले आठ तक्ते. विषय प्रश्नाच्या रूपात लिहा. पुरंदर तालुक्याचं उदाहरण घेऊ. अंजीर आणि सीताफळासाठी हा भाग प्रसिद्ध आहे, पाऊस बेताचा, आणि कऱ्हा नदी इथेच उगम पावून सासवड-जेजुरीवरून बारामतीकडे जाते. "पुरंदरमधील फळशेती" हा विषय झाला नाही. "कऱ्हेकाठच्या आणि काठापासून दूरच्या गावांत अंजिराखालचं क्षेत्र आणि पाण्याचा स्रोत यांत काय फरक आहे?" हा प्रश्न झाला. यात दोन गट आहेत, मोजायच्या दोन गोष्टी आहेत, आणि उत्तर आधीच माहीत नाही.

प्रश्न सुचला की लगेच गाइडकडे धावू नका. आधी एक संध्याकाळ बसून रिकामे तक्ते काढा. प्रोजेक्टमध्ये शेवटी जे पाच-सहा तक्ते आणि चार नकाशे असतील ते फक्त रकान्यांच्या नावांसह कागदावर मांडा. मग प्रत्येक रकान्यापुढे लिहा: ही माहिती कुठे मिळेल, कोणत्या वर्षाची, कोणत्या पातळीवर (जिल्हा, तालुका, मंडळ की गाव) आणि किती दिवसांत. तालुक्याच्या पातळीवर मिळणाऱ्या माहितीवर गावांची तुलना करता येत नाही. हे बऱ्याच जणांना सहा महिन्यांनी कळतं. रिकाम्या तक्त्यासमोर ते एका तासात कळतं.

ज्या रकान्यापुढे "बघू" असं लिहावं लागतं तो रकाना काढून टाका. दोनपेक्षा जास्त रकाने काढावे लागले तर विषयच बदला. आत्ता बदलायला काही खर्च नाही.

तपासणी: प्रश्न घरी आईला किंवा मित्राला एका वाक्यात सांगा. त्यांनी "मग उत्तर काय निघेल असं वाटतं?" असं विचारलं तर प्रश्न बरा आहे. "अच्छा" म्हणून ते गप्प बसले तर पुन्हा लिहा.

५. दुय्यम माहिती जमवणं

२०११ ची जनगणना आजही बहुतेक प्रोजेक्टचा आधार आहे, कारण त्यानंतरची अजून हाती आलेली नाही. पुढच्या जनगणनेची संदर्भ तारीख १ मार्च २०२७ आहे. इथली सर्रास चूक म्हणजे आजचा ३६ जिल्ह्यांचा नकाशा घेऊन त्यावर २०११ चे आकडे भरणं. पालघर जिल्हा १ ऑगस्ट २०१४ ला ठाण्यातून वेगळा झाला. २०११ च्या तक्त्यात तो नाहीच. मग कोणी पालघर पांढरा सोडतं, कोणी ठाण्याचा आकडा दोन्हीकडे टाकतं. १९९१ आणि २००१ ची तुलना करणाऱ्यांना हाच प्रश्न नंदुरबार, वाशिम, हिंगोली आणि गोंदियाच्या बाबतीत येतो, कारण हे जिल्हे १९९८-९९ मध्ये झाले. एकच नियम पाळा: ज्या वर्षाचे आकडे, त्या वर्षाच्या सीमा. दोन वर्षांची तुलना असेल तर नवे जिल्हे जुन्यात मिळवून एकत्र दाखवा आणि तसं नकाशाखाली लिहा.

दुसरी चूक गावांच्या नावावर तक्ता जोडण्याची. एकाच जिल्ह्यात किती पिंपळगाव आणि वडगाव असतात ते आपल्याला ठाऊक आहे. त्यात इंग्रजी स्पेलिंग दर यादीत वेगळं. जोडणी नेहमी जनगणनेच्या गाव-संकेतांकावर करा.

पावसासाठी पुण्याच्या हवामान विभागाची ०.२५ अंशाची चौकटनिहाय माहिती मिळते, आणि मंडळनिहाय पावसासाठी कृषी विभागाचं महारेन संकेतस्थळ आहे. भूजल पातळी भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेकडे मिळते, पण कोणत्या महिन्यातलं निरीक्षण आहे ते तपासल्याशिवाय वापरू नका. ऑक्टोबरची विहीर आणि मे महिन्यातली विहीर एका रकान्यात बसत नाहीत. उपग्रह प्रतिमांसाठी इस्रोचं भुवन संकेतस्थळ आहे, लँडसॅट ३० मीटरची आणि सेंटिनेल-२ ही १० मीटरची प्रतिमाही मोफत मिळते. दोन वर्षांची तुलना करायची तर दोन्ही प्रतिमा एकाच हंगामातल्या घ्या. नोव्हेंबरची हिरवी आणि एप्रिलची पिवळी प्रतिमा शेजारी ठेवून "वनक्षेत्र घटले" असं लिहिलेले प्रोजेक्ट मी पाहिले आहेत.

कार्यालयातून कागद हवा असेल तर विभागाचं पत्र घेऊन जा. मिळाला नाही आणि माहितीच्या अधिकारात अर्ज करायचा झाला तर उत्तराची मुदत ३० दिवसांची आहे. ते ३० दिवस वेळापत्रकात आधीच धरा.

६. फील्डवर्क

आमच्या एका विद्यार्थ्यानं बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड कामगारांच्या स्थलांतरावर प्रोजेक्ट घेतला. प्रश्न चांगला होता, प्रश्नावली चांगली होती. गावात गेला तो डिसेंबरात, कारण तेव्हा कॉलेजला सुटी होती. वस्तीवर ओळीनं कुलपं. अंगणात दोन म्हाताऱ्या आणि त्यांच्याजवळ ठेवलेली शाळकरी नातवंडं. टोळ्या दिवाळीच्या सुमारासच कारखान्यांकडे गेलेल्या, आणि ज्यांच्याशी बोलायचं ते सगळे कोल्हापूर-सांगलीच्या फडात. त्याला पुन्हा मे महिन्यात जावं लागलं, तोवर सबमिशन पुढे ढकललं गेलं. ज्यांचा अभ्यास करायचा ती माणसं कोणत्या महिन्यात, दिवसाच्या कोणत्या वेळी घरी असतात, हे सरपंचांना फोन करून विचारायला पाच मिनिटं लागतात.

गावात पोचल्यावर क्रम असा ठेवा:

१. आधी ग्रामपंचायतीत जाऊन पत्र द्या, येण्याचं कारण सांगा.
२. गावातून एक पूर्ण फेरी मारा आणि वस्त्या, पाण्याची ठिकाणं, रस्ते हातानं रेखाटा.
३. घरांच्या यादीवरून नमुना ठरवा. ४०० घरं असतील आणि ४० घ्यायची असतील तर पहिल्या दहांतून चिठ्ठीनं एक निवडा आणि तिथून दर दहावं घर.
४. पहिली पाच घरं चाचणीची. जो प्रश्न समजावून सांगावा लागतो तो त्याच संध्याकाळी दुरुस्त करा.
५. मग बाकीची घरं.

तिसरी पायरी गाळली की पारावर बसलेल्यांच्याच मुलाखती होतात. पारावर पुरुष असतात, वयस्कर असतात आणि बहुतेक गावठाणातले असतात. शेतातल्या वस्त्यांवरच्या बायका त्यात येतच नाहीत, आणि पाणी भरण्याला रोज किती वेळ जातो हे नेमकं त्यांनाच माहीत असतं.

एककांकडे लक्ष द्या. शेतकरी एकर आणि गुंठ्यात सांगतो, सातबारावर हेक्टर-आर असतं. ४० गुंठ्यांचा एकर, साधारण अडीच एकरांचा हेक्टर. माल कोणी क्विंटलमध्ये सांगेल, कोणी क्रेटमध्ये. समोरचा सांगेल तसंच लिहा, एकक शेजारी लिहा, आणि रूपांतर रात्री खोलीवर करा. त्याच्यासमोर कॅल्क्युलेटर काढलात तर बोलणं तुटतं.

सावधान: उत्पन्नाचा प्रश्न पहिल्या पानावर ठेवू नका. आणि प्रश्नावली खोलीवर बसून भरायचा मोह कितीही झाला तरी भरू नका. खोट्या उत्तरांचा नमुना फार गुळगुळीत असतो, सगळ्यांची जमीन दोन, तीन, पाच एकर. खऱ्या गावात कोणाकडे सतरा गुंठे असतात.

७. नकाशे आणि आकडेमोड

मागे एकीनं गावाचं क्षेत्रफळ ०.०००८ असं लिहून आणलं. संगणकानं दिलं म्हणून लिहिलं. तिचा नकाशाचा थर (लेयर) अक्षांश-रेखांशात होता, त्यामुळे उत्तर चौरस अंशांत आलं होतं. लांबी किंवा क्षेत्रफळ मोजण्याआधी थर यूटीएममध्ये, म्हणजे मीटरमध्ये मोजणाऱ्या प्रक्षेपणात, बदलायचा. ७८° पूर्व रेखांशाच्या पश्चिमेला यूटीएमचं क्षेत्र (झोन) ४३, पूर्वेला ४४. मुंबई, पुणे, नाशिक, कोल्हापूर, लातूर ४३ मध्ये. नागपूर, भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली ४४ मध्ये. यवतमाळ आणि अमरावती जिल्ह्यांतून ही रेषा जाते, तिथे एकच क्षेत्र निवडून सगळे थर त्यातच ठेवा. जुन्या टोपोशीटचा आधार (पृथ्वीचा गृहीत धरलेला आकार) एव्हरेस्ट आहे, जीपीएसचा डब्ल्यूजीएस ८४. दोन्ही तसेच एकमेकांवर ठेवले की विहीर नदीत पडते.

नदीखोऱ्यावर काम असेल तर प्रवाहांची प्रतवारी एकाच आधारावर करा. स्ट्रेलरच्या पद्धतीत पहिल्या प्रतीचे दोन प्रवाह मिळाले की दुसरी प्रत होते, आणि दुसऱ्याला पहिला मिळाला तर दुसरीच राहते. अर्धं खोरं टोपोशीटच्या निळ्या रेषांवरून आणि अर्धं उंचीच्या अंकीय प्रारूपावरून काढलं तर द्विभाजन गुणोत्तर (एका प्रतीच्या आणि पुढच्या प्रतीच्या प्रवाहांच्या संख्येचं) आणि जलप्रवाह घनता (क्षेत्रफळाच्या मानानं प्रवाहांची लांबी) दोन्ही बिघडतात, कारण प्रारूपातून किती ओहोळ निघतील ते तुम्ही दिलेल्या मर्यादेवर ठरतं.

क्षेत्रघनी नकाशात एकूण आकडा रंगवू नका. एकूण लोकसंख्या रंगवली की मोठा तालुका गडद दिसतो, इतकंच कळतं. तिथे घनता, टक्केवारी, गुणोत्तर हवं. एकूण आकड्यासाठी टिंब पद्धत किंवा प्रमाणशीर वर्तुळं आहेत.

तपासणी: प्रत्येक नकाशावर शीर्षक, प्रमाण, उत्तर दिशा, सूची आणि माहितीचा स्रोत वर्षासह आहे का? मग तो काळ्या-पांढऱ्यात छापून बघा. वर्ग वेगळे ओळखू आले नाहीत तर रंग बदला.

८. लेखन

पहिलं प्रकरण शेवटी लिहा. सुरुवात अभ्यासक्षेत्रापासून किंवा पद्धतीपासून करा, कारण ते फील्डवरून आल्याबरोबर ताजं असतं. प्रत्येक तक्त्याखाली आकडे पुन्हा वाक्यांत सांगू नका. तिथे असं का झालं असावं ते लिहा, आणि ते गावात कोणी सांगितलं होतं का ते वहीतून शोधा. साम्य तपासणीत विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या नियमांनुसार १० टक्क्यांपर्यंत दंड नाही. जिल्ह्याची माहिती दुसऱ्याच्या प्रोजेक्टमधून जशीच्या तशी उचलली की तेवढ्यानंच ही मर्यादा ओलांडते, आणि त्यातल्या जुन्या चुकाही तुमच्या नावावर येतात.

शेवटच्या वर्षात असतानाच नेट देता येते. भूगोलाचा विषय संकेतांक ८० आहे. चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत, त्यामुळे १५० पैकी एकही प्रश्न सोडू नका. महाराष्ट्र आणि गोव्यासाठी सेट पुणे विद्यापीठ घेतं. दोन्ही जाहिरातींवर लक्ष ठेवा.

९. व्हायवा

मुलं प्रस्तावना पाठ करून येतात. बहिःस्थ परीक्षक बहुतेक वेळा प्रस्तावना विचारत नाहीत. भिंतीवरची टोपोशीट दाखवून म्हणतात, "तुमचं गाव दाखवा." मग विचारतात, हीच घरं का निवडली, हा सहसंबंध काढायची गरज काय होती, आणि या नकाशात वर्ग पाचच का केले. प्रत्येक तक्त्यासाठी आणि नकाशासाठी "हे का?" याचं एका वाक्यातलं उत्तर आदल्या दिवशी लिहून काढा. जे जमलं नाही ते लपवू नका. "उन्हाळ्यात जाता आलं नाही, म्हणून मे महिन्याच्या पाण्याबद्दल मी काही म्हणू शकत नाही" असं सरळ सांगणाऱ्या मुलीला परीक्षकांनी पुढचा प्रश्न मायेनं विचारलेला मी बघितला आहे.

बांधलेल्या प्रोजेक्टबरोबर फील्डची मूळ वही आणि भरलेल्या प्रश्नावल्यांचा गठ्ठा पिशवीत ठेवा. मागितला नाही तरी असू द्या.